पुलाच्या अलीकडचा डाव

एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांना पत्ते वाटत आली होती, आणि एकोणीस वर्षांत स्वतःसाठी एकही डाव खेळली नव्हती.

क्लब नदीच्या पलीकडे होता. खाली कापडाचं गोदाम, वर लांबट दालन, सात टेबलं, प्रत्येक टेबलावर छताला एक कॅमेरा. परवान्यानं पोकर चालणारी आसपासची ती एकच जागा. परवान्याचा कागद जिन्यातच काचेमागे टांगलेला, एखाद्या वडीलधाऱ्याच्या फोटोसारखा. सकाळी दहाला ती पाळीवर यायची, केस घट्ट बांधायची, अंगठी काढून पाकिटात ठेवायची आणि कॅमेऱ्याकडे दोन्ही तळवे उघडून दाखवायची. हात रिकामे. मग दिवसभर त्या हातांना उसंत नसे. पिसा, कापून घ्या, प्रत्येकाला दोन पानं पालथी, टेबलावर पाच उघडी, टाकलेली पानं गोळा करा, पुन्हा पिसा. आणि प्रत्येक डाव संपला की जिंकणाऱ्याकडे ढीग सरकवण्याआधी क्लबचा वाटा काढा: एक चकती उचलायची आणि उजव्या हाताशी टेबलात कापलेल्या फटीत टाकायची. टक्. तो आवाज तिला ऐकूही येत नसे. आपल्या पापण्या कितीदा मिटल्या हे कुणाला सांगता येतं?

घरी आल्यावरही ते हात थांबत नसत. विजेची बिलं पिसायची, लग्नाचे जुने फोटो कापून वर-खाली करायची, भांडी पुसून झाली की बशा गोल वाटून ठेवायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेल्या गोष्टींची त्याला सवय होती, न थांबणाऱ्यांची नव्हती. "अगं, तुझ्या हातांना एखादा ब्रेक लावून देऊ का?" तो म्हणायचा. "घरात स्प्रिंग पडलीय एक, फुकट लावीन."

पत्ते सगळीकडे तेच बावन्न. पण बसमध्ये बसून तीन तास गेलं की त्यांचा अर्थ बदलायचा. दर दुसऱ्या मंगळवारी दक्षिणेकडून शाळेच्या बसचा एक ड्रायव्हर यायचा. त्याच्याकडे पैसे लावून पत्ते खेळणं हा सरसकट गुन्हा. घरी, बागेत, सख्ख्या भावाशीसुद्धा. निघताना तो दोनदा हात धुवायचा, खिसे उलटे करून बघायचा, क्लबची पेन्सिलही जागेवर ठेवायचा. "बाई, एक चकती खिशात राहिली ना, तर नाक्यावर मी ड्रायव्हर नाही, आरोपी." उत्तरेकडून दातांचे डॉक्टर यायचे. त्यांच्याकडे प्रवेश फी भरून स्पर्धा खेळली तर तो खेळ. नगराध्यक्ष स्वतः कप द्यायचे. पण तीच माणसं त्याच टेबलाशी रोख पैसे लावून बसली की कोठडी. "म्हणजे बघा," डॉक्टर म्हणायचे, "कप जिंकला तर गळ्यात हार, नोटा जिंकल्या तर हातात बेड्या. दाढ तीच, दुखणं वेगळं."

आणि पुलाच्या अलीकडे, जिथे ती राहत होती, तिथे तिसरीच तऱ्हा. क्लब काढायला बंदी, दुकानात किंवा रस्त्यावर खेळायला बंदी. पण कुणाच्या घरी ओळखीची चार माणसं बसली तर कायद्याची ना नव्हती. अट एकच. मधल्यामध्ये कुणी वाटा काढायचा नाही. वाटा काढला की त्या घराचा अड्डा झाला, आणि काढणारा अड्डेवाला.

पलीकडच्या कायद्यात आणखी एक ओळ होती, खास तिच्यासाठी असावी तशी: पत्ते वाटणाऱ्यानं त्या प्रांतात कुठेही खेळायचं नाही. म्हणजे पलीकडे ती वाटू शकत होती, खेळू शकत नव्हती. अलीकडे खेळू शकत होती, पण कुणाशी? एकोणीस वर्षं ती लोकांच्या छातीची धडधड दोन हातांवरून बघत आली होती. माणूस खोटं बोलताना बोटं कशी जड होतात, खरं असताना कशी निष्काळजी होतात, सगळं तिला पाठ. हलवायाच्या घरात राहून जिभेला कुलूप लावल्यासारखं आयुष्य.

खालच्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहायचे. भूमिती शिकवायचे. बायको गेल्यापासून रविवारी दुपारी त्यांच्याकडे पोकरचा डाव बसायचा: मास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक, ज्याला अख्खी गल्ली खिळेशेठ म्हणायची. चिल्लरीवर खेळायचे. त्या रविवारी मास्तरांनी जिन्यात तिला गाठलं.

"वहिनी, चौथा माणूस कमी आहे."

"मी?"

"मग काय तुमच्या मिस्टरांना बोलावू? मागे बोलावलं होतं, ते पंख्याचाच आवाज ऐकत बसले. म्हणे बेअरिंग गेलंय."

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं. तिच्या पत्ते वाटण्याच्या ओळखपत्राची मुदत महिनाअखेर संपत होती. दर दोन वर्षांनी ते नवं करताना इथल्या पोलीस चौकीचा दाखला लागे, की या बाईवर कुठल्याही प्रांतात जुगाराचं प्रकरण नाही. प्रकरण असलं, कसलंही, तर ओळखपत्र रद्द. आणि या वयात तिला दुसरं काही येत नव्हतं. पण घरगुती डाव कायद्यात बसत होता. तिनं मनात दोनदा तपासलं. वाटा नाही, दुकान नाही, रस्ता नाही.

"येते," ती म्हणाली.

मास्तरांचं गोल जेवणाचं टेबल, वर जुनी चादर. पहिल्या फेरीत ज्यानं त्यानं आळीपाळीनं वाटलं. तिची पाळी आली तेव्हा तिनं नुसते पत्ते पिसले आणि कंपाउंडरचा कप ओठांपाशीच थांबला.

"अरे, हे काय बघतोय मी! शेठ, तुम्ही पिसता तेव्हा वाटतं कुणी बूट घासतंय."

"वहिनीच वाटू देत आता," मास्तर म्हणाले. "आपण फक्त हरू."

म्हणून ती वाटतही होती आणि खेळतही होती, आणि दुपार तिच्या डोक्यावरून पाण्यासारखी जात होती. आपली दोन पानं अंगठ्यानं उचलून बघायची, फक्त कोपरा. एवढ्याशा कोपऱ्यात एवढं सगळं मावतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती हरत होती, थोडी जिंकत होती, पुन्हा हरत होती. खिळेशेठ जोरात होते. दर डावानंतर म्हणायचे, "आमची नजर आहे नजर. तोळाभर खिळा कमी असला तरी हाताला कळतं."

शेवटच्या डावात टेबलावर इस्पिकचा राजा आला, मग नव्वी, चौकी, मग बदामचा राजा, मग दुर्री. मास्तर आणि कंपाउंडरनी आधीच पानं टाकली होती. उरले ती आणि शेठ. तिच्या हातात चौकटची सत्ती आणि किल्वरची तिर्री होती. म्हणजे काही नव्हतं. शेठची बोटं पानांवर निष्काळजी होती. त्यांच्याकडे काहीतरी होतं, आणि ते पुरेसं आहे असं त्यांना वाटत होतं. तिनं समोरची सगळी चिल्लर पुढे सरकवली. हळू, जशी तिसरा राजा हातात असलेली माणसं सरकवतात.

शेठनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या दोन राजांकडे. मग पंख्याकडे. पुन्हा तिच्याकडे.

"राजा आहे," ते स्वतःशीच म्हणाले, आणि दोन दश्श्या उघड्या करून टाकल्या. "बघा, जोडी टाकतोय. आहे का कुणाची हिंमत?"

तिनं आपली पानं पालथीच गठ्ठ्यात मिसळली. बघण्यासाठी पैसे न भरलेल्याला पानं दाखवायची नाहीत, हा या धंद्याचा पहिला धडा. सत्ती आणि तिर्री बावन्नात बुडून गेली. निव्वळ थापेवर मारलेला आयुष्यातला तिचा पहिला डाव, आणि तो जगात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. छातीत काहीतरी उड्या मारत होतं. तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

तेवढ्यात मास्तरांनी चष्मा ठेवायला डबी उचलली. डबी दुपारभर तिच्या उजव्या हाताशी उघडी पडली होती. ती जड लागली. मास्तरांनी वाकडी केली तर चादरीवर नाणी घरंगळली.

तिनं नाण्यांकडे बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. एकेका डावातून एकेक. तिनं टाकली होती. कधी, तिला आठवत नव्हतं. तिला एवढंच आठवत होतं की काही आठवत नाही.

"हे काय?" शेठ म्हणाले. "गल्ला?"

"अहो, सवय आहे हातांना," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आला. "क्लबात वाटा काढावा लागतो. मला कळलंसुद्धा नाही."

"कळलं नाही! वाटणार तुम्ही, जिंकणार तुम्ही, वाटाही काढणार तुम्ही, आणि कळणार नाही. वा! मास्तर, तुमचं घर आहे की अड्डा?"

"शेठ, शब्द जपून," मास्तर म्हणाले. ते भूमितीचे, त्यांनी नाण्यांचे चार सारखे ढीग केले. प्रत्येकाला तीन. "ज्याचं त्याला परत. विषय संपला."

कंपाउंडरनी आपली तीन खिशात टाकली. शेठनी आपल्या तिनांना बोटही लावलं नाही. "राहू द्या तिथेच. पुरावा आहे तो," म्हणाले, आणि चपला घालताना पाय भलत्याच चपलेत घालून, ती काढून, दुसरी घालून गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला जिना चढताना वाटलं. शेठची ती तीन नाणी मास्तरांनी तिच्याच मुठीत कोंबली होती.

सोमवार गेला, मंगळवार गेला. क्लबात ती वाटत होती, टक्, आणि आता प्रत्येक टक् तिला ऐकू येत होता. वाटा काढला नाही तर पलीकडे गुन्हा, काढला तर अलीकडे गुन्हा; आणि हात तर दोन्हीकडे तिचेच. दक्षिणेकडचा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आज तुम्ही माझ्यासारख्या दिसताय, नाक्याच्या आधी दिसतो ना मी, तशा." घरी ती हातावर हात धरून बसायची. नवरा एकदा म्हणाला, "लिफ्ट मधेच थांबली की लोक बटणं दाबत सुटतात. दाबू नये. खाली जाऊन बघावं काय झालंय." हे त्याच्या धंद्याचं झालं, पण बुधवारी सकाळी ती चौकीवर गेली.

पण एक गोष्ट तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. त्या सगळ्या भीतीच्या तळाशी सत्ती आणि तिर्री होती. बसमध्ये, नळाशी, कपडे वाळत घालताना ती मधेच आठवायची, आणि भलत्याच वेळी तिच्या ओठांचा एक कोपरा हलायचा. भीती आणि तो कोपरा, दोन्ही तिला स्वस्थ बसू देत नव्हते.

चौकीतले हवालदार तिला ओळखत होते. दर दोन वर्षांनी ते विचारायचे, "काही नवीन?" ती म्हणायची, "काही नाही," आणि शिक्का पडायचा. या वेळी त्यांनी शिक्का उचलला नाही.

"खिळेवाले येऊन गेले," ते म्हणाले. "तोंडी बोलले. म्हणाले, विचार करून उद्या लेखी देतो. लेखी आलं तर मला नोंद करावी लागेल, वहिनी. मग दाखला नाही."

"साहेब, चुकून झालं."

"चूक की मुद्दाम, कायदा ते विचारत नाही. तो एवढंच विचारतो, वाटा कुणाकडे राहिला." त्यांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "ज्याचं त्याला परत गेलं असेल तर तो वाटाच नाही. मास्तरांनी घेतले, कंपाउंडरनी घेतले, तुमचे तुमच्याकडे. तिसऱ्यानं हातात घेतले की माझ्यापुरतं मिटलं. पण घ्यायला हवेत. टेबलावर ठेवून पळून याल तर चालणार नाही."

दुकान कोपऱ्यावरच होतं. तेलकट लोखंडाचा वास, छतापासून लोंबणाऱ्या साखळ्या, भिंतभर छोटे खण आणि प्रत्येक खणावर त्यात काय आहे त्याचा नमुना तारेनं बांधलेला: बिजागरी, कडी, हुक. शेठ एका सुताराला स्क्रू तोलून देत होते. तिला बघूनही त्यांनी सगळे स्क्रू काढले आणि पुन्हा पहिल्यापासून तोलले. सुतार गेला.

तिनं मूठ उघडून तीन नाणी काउंटरवर पुढे केली. "तुमची आहेत. घ्या."

"कशाला? तीन नाण्यांनी माझं दुकान चालतंय?"

"शेठ, माझं ओळखपत्र जाईल."

"आणि माझं काय गेलं, ते?" ते एकदम म्हणाले. मग तराजूच्या काट्याला बोट लावून थांबवत राहिले, काटा थांबलेला असूनही. आवाज खाली आला. "तीन दिवस झाले वहिनी, खिळे तोलतोय आणि पारड्यात मला दोन दश्श्या दिसतायत. कंपाउंडर येता-जाता विचारतो, शेठ, जोडी टाकली म्हणे? गल्लीत हसतात. वाट्याचं सोडा. तुम्ही वाटत होता, जिंकायचं तर वाटपातच जिंकला असता, हे मलाही कळतं. मला एकच सांगा. शेवटच्या डावात तुमच्याकडे काय होतं?"

तिनं नाणी आणखी थोडी पुढे सरकवली.

"राजा होता का? खरं सांगा, आणि हे पैसे मी आत्ता उचलतो."

तिनं त्यांच्या हातांकडे बघितलं. त्या दिवशी पानांवर निष्काळजी पडलेली बोटं आज एकमेकांत घट्ट अडकली होती. सत्ती आणि तिर्री होती असं सांगितलं तर या माणसाला पुन्हा तराजूसमोर उभं राहता येणार नाही. एका बाईनं, हातात काही नसताना, नजरेला नजर देऊन त्याच्या हातातली जोडी काढून घेतली. तो संध्याकाळपर्यंत लेखी देईल, आणि त्यात वाट्याचंच लिहील. हे तिला टेबलावर उघडं पान दिसावं तसं दिसलं. आणि दुसरंही दिसलं. आत्ता जे बोलेल ते उद्या कंपाउंडर जिन्यात सांगेल, मास्तर मानेनं हो म्हणतील, आणि तिचा एकुलता एक डाव, जो तिनं तीन दिवस कुणाला न दाखवता जपला, तो दुसऱ्याचाच होऊन जाईल.

धंद्याचा नियम सांगायचा मोह झाला: न बघितलेली पानं सांगत नाहीत. पण तिच्याकडे तेवढी चिल्लर उरली नव्हती.

"किल्वरचा," ती म्हणाली. "किल्वरचा राजा."

शेठच्या बोटांची गाठ सुटली. "होता ना?" त्यांनी काउंटरवर थाप मारली, खणांतले खिळे खळखळले. "म्हटलं ना मी! त्या कंपाउंडरला आता बघतो. आमची नजर म्हणजे काय उगाच आहे?" त्यांनी तीनही नाणी उचलली, हातात वर-खाली करून जोखली आणि गल्ल्यात टाकली. मग खालच्या खणातून दोन रबरी वायसर काढून तिच्यासमोर ठेवले. "घ्या. मिस्टर म्हणत होते, तुमचा नळ गळतो. पैसे नकोत. रविवारी या खेळायला."

"नाही जमायचं," ती म्हणाली. वायसर तिनं घेतले.

दुपारी शिक्का पडला. जिन्यात कंपाउंडर भेटला आणि ओरडला, "वहिनी, तीन राजे! शेठ सांगत सुटलेत. आम्ही उगाच त्यांना हसलो." ती हसली. त्याला ते बरोबर वाटलं. रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्यानं नळाला वायसर बसवला आणि विचारलं, "मिटलं ना?" ती हो म्हणाली. नळ खरंच गळायचा थांबला, आणि त्या शांततेत तिला काय करावं ते सुचेना.

महिना उलटला. नवं ओळखपत्र जुन्यापेक्षा गुळगुळीत होतं. पुढच्या मंगळवारी दक्षिणेकडचा ड्रायव्हर तिच्याच टेबलाशी बसला होता. तिनं तळवे कॅमेऱ्याला दाखवले, पिसले, कापून घेतले, प्रत्येकाला दोन पालथी वाटली. मग टेबलावर एकेक उघडं. इस्पिकची राणी, बदामची पंजी, आणि तिसरी आली चौकटची सत्ती.

हात थांबला. पाव क्षण असेल. एकोणीस वर्षांत तो हात डावाच्या मधे कधी थांबला नव्हता.

"बाई?" ड्रायव्हरनं तिच्या बोटांकडे बघत विचारलं. "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि पुढचं पान उलटलं. डाव संपला. ढीग सरकवण्याआधी तिच्या उजव्या हातानं एक चकती उचलून फटीत टाकली.